‘सायक्लोन’ हा शब्द देणारा माणूस ओरडून सांगत होता, तिथं बंदर बांधू नका!

वादळ आलं की टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, हवामान खात्याच्या इशाऱ्यात एक शब्द हमखास दिसतो. सायक्लोन. फयान, फानी, अम्फान, निसर्ग, तौक्ते… प्रत्येक वादळाला नवं नाव मिळतं, पण आडनाव सगळ्यांचं एकच.

हा शब्द लंडन नाहीतर अमेरिकेत कुठंतरी तयार झाला असेल असं आपल्याला वाटतं. तर तसं नाही. हा शब्द तयार झाला आपल्या कलकत्त्यात. आणि तो तयार करणारा माणूस कुठल्या विद्यापीठातला प्रोफेसर नव्हता की हवामान खात्याचा साहेब नव्हता. तेव्हा भारतात हवामान खातंच नव्हतं. तो होता उमेदीची वर्षं समुद्रावर घालवलेला एक जहाजाचा कप्तान.

त्याचं नाव हेन्री पिडिंग्टन.

पण शब्द देणं हे त्याचं मोठं काम नव्हे. मोठं काम त्यानं १८५३ मध्ये केलं. तेव्हाचा भारतातला सगळ्यात ताकदवान माणूस, म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी, याला त्यानं जाहीर पत्र लिहिलं. तुम्ही जिथं नवं बंदर बांधायला निघालाय ती जागा समुद्र एक दिवस गिळणार आहे, असा त्या पत्राचा अर्थ होता.

पुढं काय झालं ते सांगतोच. पण आधी हा माणूस तिथवर पोचला कसा, ते बघू.

जहाज सोडलं, पण वादळ सोडलं नाही

पिडिंग्टनचा जन्म १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. तरुणपणी तो व्यापारी जहाजांवर गेला आणि चीन, भारत या बाजूच्या समुद्रात फिरला. पुढं जहाज सोडलं आणि बंगालमध्ये स्थायिक झाला.

तिथं या गड्यानं काय काय केलं बघा. १८३२ मध्ये भारतातल्या वनस्पतींच्या नावांची सूची छापली. माती तपासली, खनिजं तपासली, आकाशातून पडलेल्या उल्का तपासल्या. कलकत्त्याच्या भूगर्भशास्त्र संग्रहालयाचा तो क्युरेटर होता. शिवाय जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या कलकत्त्याच्या सागरी न्यायालयाचा तो अध्यक्ष झाला.

हे शेवटचं काम लक्षात ठेवा. जहाज कसं बुडालं, कप्तानानं काय पाहिलं, वारा कुठून होता, हे ऐकणं हाच त्याच्या कामाचा भाग होता.

त्याच काळात जगात एका प्रश्नावर जोरदार चर्चा चालू होती. समुद्रावरच्या मोठ्या वादळात वारा नेमका वाहतो कसा? अमेरिकेतला विल्यम रेडफिल्ड म्हणत होता की हा वारा सरळ वाहत नाही, गोल फिरतो. ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर विल्यम रीड यानं १८३८ मध्ये याच विषयावर आख्खं पुस्तक काढलं. ते पुस्तक पिडिंग्टनच्या हातात पडलं आणि त्याला पुढच्या आयुष्याचं काम सापडलं.

त्याच्याकडं ना उपग्रह, ना रडार, ना तारायंत्र. मग त्यानं काय करावं? त्यानं जहाजांच्या रोजनिशा गोळा करायला सुरुवात केली.

प्रत्येक जहाजावर लॉगबुक असतं. किती वाजता, कुठल्या ठिकाणी, वारा कुठून, हवेचा दाब किती, समुद्र कसा, हे त्यात लिहिलेलं असतं. एका जहाजाच्या नोंदीतून फारसं कळत नाही. पण एकाच वादळात सापडलेल्या दहा जहाजांच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या तर? कुणाला वारा उत्तरेकडून लागलाय, कुणाला पूर्वेकडून, कुणाला दक्षिणेकडून. सगळे बाण काढले की वादळाचं चाक आपोआप दिसायला लागतं.

जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात आलेल्या वादळावर त्यानं पहिला निबंध लिहिला. एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालच्या नियतकालिकात तो छापून आला. मग दुसरा, तिसरा… वर्षानुवर्षं तो एकेका वादळाचा असा पंचनामा करत राहिला.

गोल गोल फिरलेलं जहाज

त्याच्या हाती लागलेल्या नोंदींमध्ये सगळ्यात भारी नोंद होती चार्ल्स हेडल नावाच्या जहाजाची. फेब्रुवारी १८४५ मध्ये हे जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडलं. कप्तानानं त्या काळच्या रिवाजाप्रमाणं जहाज वाऱ्याच्या दिशेनं सोडून दिलं. वारा नेईल तिकडं जायचं, म्हणजे कधीतरी वादळाबाहेर पडू, असा हिशोब.

पण वाराच गोल फिरत होता. जहाज काही दिवस वादळाच्या भोवती फेऱ्या मारत राहिलं. पाच फेऱ्या झाल्या, तरी बाहेर पडायला तयार नाही. पिडिंग्टननं या प्रवासाचा नकाशा काढला तेव्हा तो गुंडाळलेल्या दोरीसारखा दिसत होता. वादळ गोल फिरतं याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला असणार?

आता अडचण शब्दाची होती. इंग्रज खलाशी गेल म्हणायचे, स्टॉर्म म्हणायचे, हरिकेन म्हणायचे. चीनच्या समुद्रात टायफून. यातल्या कुठल्याच शब्दातून वारा सरळ आहे की गोल, हे कळायचं नाही. आणि जीव वाचवायचा तर कप्तानाला नेमकं तेच कळायला हवं होतं.

म्हणून पिडिंग्टननं ग्रीक भाषेतून एक शब्द उचलला. वेटोळं घातलेल्या सापाची आठवण करून देणारा. सायक्लोन.

१८४८ मध्ये आलेल्या त्याच्या खलाशांसाठीच्या पुस्तकातून हा शब्द जगभर गेला. पुस्तकाचं नावही मजेशीर होतं, हॉर्न-बुक. इंग्लंडमध्ये लहान मुलांना मुळाक्षरं शिकवायला लाकडी पाटी असायची, तिच्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा लावलेला असायचा. तिला हॉर्न-बुक म्हणत. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पिडिंग्टननं खलाशांसाठी वादळाची बाराखडी लिहिली.

पुस्तकासोबत शिंगाच्याच दोन पारदर्शक चकत्या मिळायच्या. त्यावर गोल काढलेले आणि वाऱ्याचे बाण. एक चकती उत्तर गोलार्धासाठी, कारण तिथं वादळ घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं. दुसरी दक्षिण गोलार्धासाठी, तिथं ते घड्याळाच्या दिशेनं फिरतं. चकती नकाशावर ठेवायची, आपल्याला लागणारा वारा बाणाशी जुळवायचा, की वादळाचं केंद्र कुठल्या बाजूला आहे ते साधारण कळायचं.

चकती नसली तरी नियम सोपा होता. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडं तोंड करून उभं राहा, वादळाचं केंद्र साधारण उजव्या हाताला असतं. फार गणित न शिकलेल्या खलाशालाही हे जमण्यासारखं होतं.

वाऱ्यापेक्षा पाणी जास्त माणसं मारतं

इथवर पिडिंग्टन जहाजांचा विचार करत होता. पण वादळांच्या नोंदी वाचता वाचता त्याचं लक्ष किनाऱ्याकडं गेलं.

आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते. तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगा नावाचं भरभराटीचं बंदर होतं. डिसेंबर १७८९ मध्ये तिथं वादळ आलं आणि त्याच्यासोबत समुद्राच्या तीन प्रचंड लाटा एकामागोमाग गावात घुसल्या. गाव जवळपास संपलं. पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १८३९ मध्ये, त्याच कोरिंग्यावर पुन्हा वादळी लाट आली. या दुसऱ्या वादळावर पिडिंग्टननं स्वतंत्र निबंध लिहिला.

एकाच जागी दोनदा असा प्रकार झाला, याचा अर्थ काय? याचा अर्थ हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हता. काही किनारे असेच असतात, की जिथं वादळ आलं की समुद्र आत येतो.

हे का होतं, ते आज आपल्याला बरंच नीट माहितीये.

पहिली गोष्ट, वादळ तयार होण्याची. चक्रीवादळाला इंधन लागतं गरम पाण्याचं. समुद्राच्या वरच्या थराचं तापमान साधारण २६ ते २७ अंशांच्या वर हवं. बंगालच्या उपसागरात ते वर्षातले बरेच महिने असतं. त्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या नद्या गोडं पाणी आणून टाकतात. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि खालच्या थंड पाण्याला सहज वर येऊ देत नाही. म्हणजे भट्टी गरम राहते. शिवाय पलीकडं पॅसिफिकमध्ये विरलेल्या वादळांचे अवशेष जमीन ओलांडून उपसागरात येतात आणि त्यातून काही वेळा नवं वादळ उभं राहतं.

पावसाळ्यात मात्र खालचे आणि वरचे वारे वेगवेगळ्या दिशांनी जोरात वाहतात, त्यामुळं वादळाचा खांब सरळ उभा राहत नाही. म्हणून आपल्याकडं मोठी वादळं मान्सूनच्या आधी एप्रिल ते जूनमध्ये नाहीतर मान्सूननंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात.

अरबी समुद्र तुलनेनं थंड. तिथली अनेक वादळं ओमान, येमेनकडं निघून जातात. त्यामुळं पूर्वापार हिशोब असा की बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एक.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती आहे किनाऱ्याच्या आकाराची.

वादळाचा वारा पाण्याला किनाऱ्याकडं ढकलतो. समुद्र खोल असेल तर ढकललेलं पाणी खालून परत जातं. पण समुद्र उथळ असेल तर त्याला परत जायला जागा नसते, ते साचत साचत वर चढतं. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडचा भाग एक तर उथळ आहे आणि दुसरं म्हणजे नरसाळ्यासारखा निमुळता. त्यात नेमकी भरतीची वेळ साधली गेली तर काही फुटांचं पाणी कित्येक फुटांचं होतं. आणि समोरची जमीन? नद्यांच्या गाळाची, सपाट, समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम वर. पाणी अडवायला टेकाडसुद्धा नाही.

म्हणूनच जगातल्या एकूण चक्रीवादळांपैकी थोडीच वादळं बंगालच्या उपसागरात होतात, पण इतिहासात सर्वाधिक बळी घेणाऱ्या वादळांची यादी काढली तर त्यातली बहुतेक इथलीच निघतात.

उपग्रहातून दिसणारं हे चित्र पिडिंग्टनकडं नव्हतं. पण जहाजांच्या आणि बंदरांच्या नोंदींवरून त्याला एवढं पक्कं कळलं होतं की वादळासोबत पाण्याचा डोंगर येतो, आणि तो कुठं येऊ शकतो हे आधी सांगता येतं.

मातलाचं बंदर आणि डलहौसीला पत्र

१८५३ साल. कलकत्त्याचे व्यापारी काळजीत होते. हुगळी नदी गाळानं भरत चालली होती. मोठी जहाजं उद्या कलकत्त्याला येऊ शकली नाहीत तर धंदा बसणार. म्हणून व्यापाऱ्यांच्या चेंबरनं सरकारकडं मागणी केली की पर्यायी बंदर हवं. जागाही ठरली. कलकत्त्याच्या आग्नेयेला, सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीचा काठ. नदी खोल, रुंद, समुद्राकडं सरळ उघडी. जहाजांसाठी एकदम मस्त. सरकारनं त्याच वर्षी तिथली जमीन विकत घेतली.

पिडिंग्टननं नकाशा पाहिला आणि त्याला वेगळंच दिसलं. समुद्राकडं सरळ उघडी खोल नदी म्हणजे जहाजांना जसा हमरस्ता, तसाच वादळी लाटेलाही. आणि बंदर म्हटलं की वस्ती येणार, वस्तीसाठी जंगल तोडणार. सुंदरबनाचं जे जंगल लाटेचा जोर मोडतं, तेच आधी साफ होणार.

त्यानं डलहौसीला लिहिलं. सुंदरबनात वादळी लाट कशी येते, आधी कुठं कुठं आली, ते सांगितलं. मातलाच्या काठी वस्ती झालीच, तर तिथल्या लोकांनी एक दिवस खाऱ्या पाण्याची भिंत अंगावर येताना पाहायची तयारी ठेवावी, आणि वस्ती ५ ते १५ फूट पाण्याखाली जाऊ शकते, असा त्याचा अंदाज होता.

सरकारनं बंदर बांधायचं थांबवलं नाही.

७ एप्रिल १८५८ रोजी पिडिंग्टन कलकत्त्यात वारला. मातलावरच्या गावाला पुढच्या गव्हर्नर जनरलचं नाव मिळालं, कॅनिंग. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला सियालदहपासून कॅनिंगपर्यंत रेल्वे आली. बंदराची कंपनी निघाली. ते दिवस मुंबईत कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिथला कापूस बंद, त्यामुळं मुंबईच्या बाजारात पैशाला ऊत आला होता. पोर्ट कॅनिंगच्या शेअर्सवर मुंबईच्या सटोडियांनीही उड्या टाकल्या.

ऑक्टोबर १८६४ मध्ये पहिला धक्का बसला. मोठं चक्रीवादळ कलकत्त्यावर आलं, हुगळीतून पाण्याची लाट आत घुसली. ५० ते ६० हजार माणसं गेली. मोठी हानी वाऱ्यानं नव्हे, पाण्यानं केली. तरी कॅनिंगचं काम चालूच राहिलं.

१ नोव्हेंबर १८६७. यावेळी वादळ कॅनिंगवर आलं. साधारण सहा फुटांची लाट गावावरून गेली. रेल्वे स्टेशन, मालाच्या शेड, हॉटेल, धक्के, सगळ्याची वाताहत झाली.

खरं सांगायचं तर बंदर फक्त लाटेनं बुडवलं असं म्हणता येणार नाही. जहाजं आधीच कमी येत होती, हुगळी वाटली तेवढी लवकर भरली नाही, कंपनीचे व्यवहारही गाळात गेले होते. पण लाटेनंतर पुन्हा उभं राहायची उमेद संपली. पुढच्या चारपाच वर्षांत बंदराचा गाशा गुंडाळला गेला.

पिडिंग्टनच्या पत्राला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आणि त्यानं सांगितलेल्या आकड्यांमधली ही लाट अगदी खालच्या टोकाची होती.

मग त्याच्या कामाचं पुढं काय झालं?

१८६४ च्या तडाख्यानंतर सरकारला जाग आली. १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख. पिडिंग्टननं एकट्यानं टपालानं आणि ओळखीपाळखीनं जमवलेल्या नोंदी आता सरकार रोजच्या रोज जमवू लागलं.

पण इशारा तयार होणं वेगळं आणि तो झोपडीपर्यंत पोचणं वेगळं. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशात भोला चक्रीवादळ आलं. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाख. पुन्हा तेच, उथळ समुद्र, सपाट बेटं आणि पाण्याची भिंत.

त्यानंतर बांगलादेशानं गावोगावी स्वयंसेवक उभे केले. मेगाफोन आणि झेंडे घेऊन दारोदार फिरणारे. खांबांवर उभ्या केलेल्या उंच निवारा इमारती बांधल्या. एरवी त्यांत शाळा भरते, वादळात गाव वर चढतं.

आपल्या ओडिशाचंही तसंच. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते, बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. २०१९ च्या फानीत सुमारे १२ लाख लोक हलवले, तेव्हाही बळी शंभराच्या आतच. वादळं दुबळी झाली नव्हती. माणसं फक्त पाण्याच्या वाटेतून बाजूला झाली होती.

आणि जंगल? १९९९ च्या वादळानंतर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात अभ्यास झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तिथं बळी कमी होते. पिडिंग्टनला सुंदरबनाच्या जंगलाबद्दल जे वाटत होतं, तेच आकडेवारीनं सांगितलं.

आता विषय आपल्या दारात आलाय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकलं आणि रायगड-रत्नागिरीत कित्येक वर्षं जपलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासत गुजरातकडं गेलं. अरबी समुद्र तापतोय आणि तिथं तीव्र वादळांचं प्रमाण वाढलंय. चारास एक हा जुना हिशोब डोळे झाकून धरून चालणार नाही.

कोकणचा किनारा बंगालएवढा सपाट नाही, हे आपलं नशीब. पण खाड्या आहेत, आणि खाडीचं तोंड म्हणजे पाण्यासाठी उघडं दार. या खाड्यांच्या काठची तिवरं, कांदळवनं भराव टाकून बुजवली की आपण तेच करतो जे मातलाच्या काठी झालं.

सुंदरबनाला जायचं तर आजही लोक सियालदहहून कॅनिंगची लोकल पकडतात. लोकल चालू आहे, गावही आहे. फक्त ज्याच्यासाठी ही रेल्वे टाकली ते बंदर तिथं नाही.

पिडिंग्टनचा शब्द जगानं लगेच उचलला. त्याचं पत्र मात्र वाचायला वेळ लावला. आपल्याकडं खाडीवर पुढचा पूल, पुढचं रिसॉर्ट, पुढचं बंदर ठरेल तेव्हा पाणी कुठून आत येतं, हा त्याचा प्रश्न कुणीतरी आधी विचारला तर बरं.